गल्ली गेली, पब उरला

आमच्या बडोद्यात दारूबंदी. १९६० साली गुजरात वेगळं राज्य झालं तेव्हापासूनची, आणि त्याआधीही मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा होताच. त्यामुळे माझ्या पिढीच्या बडोदेकरणीने दारूचं दुकान पाहिलं ते सिनेमात, नाहीतर दमणच्या सहलीत बसच्या खिडकीतून. अशा गावच्या, तेही ३४ वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाईने एका पबवर लेख लिहावा, हे पाहून आपल्या मंडळातले काही जण कपाळाला आठ्या घालतील. मलाही आधी संकोच वाटला होता. पण गोष्ट दारूची नाही, एका गल्लीची आहे. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते म्हणा.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणासाठी कार्डिफला गेले होते. कार्डिफ ही वेल्सची राजधानी, लंडनहून रेल्वेने दोनेक तासांवर. डिंकाचे लाडू, बाळाची तेलमालिश, रात्रीची जागरणं यांत दोन महिने कसे गेले कळलं नाही. त्याच दिवसांत धाकट्या भावाचे मेसेज येत होते. दांडिया बाजारातला आमचा वाडा बिल्डरला द्यायचं ठरत होतं. आम्ही चार भावंडं वारस. तिघांच्या सह्या झाल्या होत्या. "ताई, आता फक्त तुझ्यासाठी अडलंय," असं तो दर दोन दिवसांनी लिहायचा. मी "बघते" असं उत्तर द्यायची आणि फोन उलटा ठेवायची.

एका रविवारी जावई म्हणाले, "आई, दोन महिने घरातच आहात. चला, आज सेंट फेगन्सला जाऊ. बाळालाही हवा लागेल."

सेंट फेगन्स हे कार्डिफच्या वेशीवरचं उघड्यावरचं संग्रहालय. १९४८ साली सुरू झालं. आपल्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात जशा काचेच्या कपाटांत वस्तू ठेवल्या आहेत, तशा इथे अख्ख्या इमारती ठेवल्या आहेत. वेल्सच्या गावोगावच्या पडायला आलेल्या चाळिसांहून जास्त वास्तू दगड-विटांना आकडे घालून उतरवल्या, इथे आणल्या आणि पुन्हा उभ्या केल्या. मध्ययुगातलं चर्च आहे, खाणकामगारांनी १९१७ साली बांधलेलं वाचनालय-सभागृह आहे, एका ओळीत सहा कामगारांची बिऱ्हाडं आहेत. त्या सहा घरांतलं सामान १८०५ पासून १९८५ पर्यंत वेगवेगळ्या काळांतलं मांडलंय. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. मी तर त्या सहा घरांतच रमले. चूल, तवा, भिंतीवरची खुंटी, सगळं वापरातलं वाटत होतं.

पुढे वळणावर एक दुमजली, अरुंद इमारत दिसली. खालचा अर्धा भाग तपकिरी आणि हिरव्या चकचकीत फरश्यांचा. फरशीतच नाव घडवलेलं: वल्कन हॉटेल. मला वाटलं चहा मिळेल. मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात लेक हसत म्हणाली, "आई, हा पब आहे. खराखुरा. आत बिअर मिळते."

मी पाऊल मागे घेतलं.

हॉटेल, पण मुक्कामाचं नाही

जावयांनी माझ्यासाठी लेमोनेडचा ग्लास बाहेरच्या बाकावर आणून दिला. बाळ गाडीत झोपलं होतं. मी बाहेरूनच त्या घराकडे बघत बसले, आणि मग आतल्या माणसांकडून, फलकांवरून आणि पुढे महिनाभर लेकीच्या घरी वाचून या वल्कनची हकिगत मी गोळा केली. शिक्षकी पेशाची खोड, दुसरं काय.

वल्कन उघडलं १८५३ साली, कार्डिफच्या ॲडम स्ट्रीटवर. 'हॉटेल' हे नुसतं नावापुरतं. दक्षिण वेल्समध्ये कित्येक लहान पबांच्या पाट्यांवर हॉटेल असंच लिहिलेलं असायचं, जसं आपल्याकडे शेव-उसळीच्या गाड्यालाही लोक हॉटेल म्हणतात. प्रत्यक्षात ते गल्लीतल्या माणसांनी संध्याकाळी टेकायचं ठिकाण. वल्कन हा रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव, म्हणजे साधारण आपला विश्वकर्मा. लोखंड, कोळसा आणि गोदीवर जगणाऱ्या वस्तीला हे नाव शोभून दिसलं.

ही वस्ती कुठून आली? १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून निघाली. कार्डिफहून कोळसा घेऊन गेलेली जहाजं आयर्लंडहून रिकामी परतत. रिकामं जहाज समुद्रात डोलतं, म्हणून त्यात एरवी दगड-वाळूचं वजन भरतात. त्या काळी कित्येकांनी वजनाऐवजी माणसं भरली. अशी उपाशी माणसं वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांना कामाला लावलं गोदीने. शहराचा जमीनदार ब्यूटचा मार्क्विस गोद्या बांधत होता, त्याला हात हवेच होते. कामगारांसाठी रेल्वे आणि गोदीच्या मधल्या पट्ट्यात सहा रस्त्यांची वस्ती उठली. नाव न्यूटाउन. पण लोक म्हणायचे 'लिटल आयर्लंड'. वल्कन होतं ते या वस्तीच्या तोंडाशी.

कार्डिफ तेव्हा किती झपाट्याने वाढलं, याचा अंदाज येण्यासाठी दोनच आकडे देते. १८५१ साली लोकसंख्या १८ हजारांच्या आसपास, १९०१ साली १ लाख ६४ हजार. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी तिथल्या गोद्यांतून एक कोटी टनांहून जास्त कोळसा बाहेर गेला. हा कोळसा जगभरच्या आगबोटींना लागे. एडनला आणि आपल्या मुंबईलाही तो येई. म्हणजे आपल्या पणजोबांनी ज्या आगबोटी पाहिल्या, त्यांतल्या काहींच्या भट्टीत न्यूटाउनच्या माणसांनी जहाजावर चढवलेला कोळसा जळत असणार.

या माणसांना पब का लागे, हेही समजून घ्यायला हवं. १८४९ साली कार्डिफमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. त्यानंतरच्या सरकारी तपासणीत शहरातल्या एका लहानशा घरात ५० हून जास्त माणसं राहत असल्याचं आढळलं. न्यूटाउनची घरं नवी होती, तरी लहानच आणि पोटभाडेकरूंनी भरलेली. बसायला जागा नाही, दिवा नाही, थंडीत पुरेशी ऊब नाही. पबमध्ये शेकोटी होती, उजेड होता, वर्तमानपत्र वाचून दाखवणारा कोणीतरी होता. कुठल्या जहाजावर माणसं हवी आहेत ते तिथे कळे. वर्गणी तिथे गोळा होई, गावचं पत्र आलेल्या माणसाला तिथे गाठता येई.

शिवाय सुरुवातीला परवानाही सोपा होता. १८३० च्या कायद्याने वर्षाला दोन गिनी भरून कोणत्याही करदात्याला आपल्या घरात बिअर विकता येऊ लागली. लोकांनी जिनसारख्या कडक दारूपासून दूर राहावं, म्हणून सरकारनेच दिलेली ही सवलत. परिणाम असा झाला, की हजारो घरांच्या पुढच्या खोल्या पब बनल्या. पब हा मुळात 'पब्लिक हाउस', म्हणजे सर्वांना खुलं असलेलं घर.

रविवारची दारूबंदी

इथपर्यंत वाचलं आणि मग मला माझ्या गावाची आठवण करून देणारी गोष्ट सापडली. १८८१ साली वेल्समध्ये कायदा झाला, की रविवारी सगळे पब बंद. आधुनिक काळात फक्त वेल्ससाठी म्हणून झालेला हा पहिला कायदा. वेल्श प्रार्थनाघरांचा जोर मोठा होता आणि दारूने घरं बुडताना त्यांनी पाहिली होती.

पण मेख होती. कायद्यानुसार खऱ्याखुऱ्या प्रवाशाला दारू देता येत होती. प्रवासी कोण? ज्याने आदली रात्र तीन मैलांपलीकडे काढली तो. मग काय, रविवारी तीन मैल चालून जाणाऱ्या 'प्रवाशां'ची संख्या फार वाढली! आपल्याकडे परप्रांतातून आलेल्या पाहुण्याला परमिट मिळतं आणि काही प्रकृतींना ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं, तशातलाच हा प्रकार. वर्गणीच्या क्लबांना बंदी नव्हती म्हणून क्लब वाढले, घराघरांतून चोरटे गुत्ते निघाले. कार्डिफच्या ग्रेंजटाउन भागात तर काही बहाद्दर माती काढून झालेल्या मोकळ्या मैदानात पिंपं घेऊन उघड्यावरच बसू लागले. ना छप्पर, ना दुकान, मग बंद काय करणार? लोकांनी त्या मैदानाला थाटात 'हॉटेल द मार्ल' नाव दिलं. मार्ल म्हणजे चिकणमाती.

रविवारची ही बंदी कार्डिफमध्ये १९६१ च्या मतदानाने उठली. वेल्सच्या शेवटच्या तालुक्यात ती १९९६ पर्यंत टिकली होती. हे मी भावाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे आपल्यालाही आशा आहे." मी फोन ठेवून दिला.

हसण्यावारी नेलं तरी बंदी मागणारी माणसं मूर्ख नव्हती. गोदीकामगारांची मजुरी कित्येकदा पबमध्येच वाटली जाई. मुकादम आणि पबवाला एकमेकांना सामील असले, की मजूर आत गेला आणि अर्धा पगार तिथेच संपला. हा प्रकार इतका वाढला, की १८८३ साली पबमध्ये मजुरी देण्याला कायद्याने मनाई करावी लागली. लहान मुलांना बापासाठी जग घेऊन बिअर आणायला पाठवत. १९०१ च्या कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलांना सीलबंद बाटलीखेरीज बिअर देणं बंद झालं. १९०८ च्या कायद्याने त्यांना बारच्या खोलीत शिरायचीही मनाई झाली. महायुद्धात तर बऱ्याच भागांत एकाने दुसऱ्याला दारू पाजणं हाच गुन्हा ठरवला गेला. ज्याची त्याने घ्यावी.

हे वाचताना मला आमच्या वाड्यातल्या खालच्या खोलीतले भाडेकरू आठवले. मिलमध्ये होते. दारूबंदी होती तरी त्यांना ती कुठून मिळायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पगाराच्या दिवशी त्यांची बायको ओटल्याच्या कोपऱ्यावर तिन्हीसांजेपासून उभी असायची. हातात काही नाही, नुसती उभी. आम्ही मुलं लंगडी खेळत असायचो आणि तिच्याकडे न बघता बाजूने पळायचो.

एकटं उरलेलं घर

वल्कनला तिचं आजचं रूप मिळालं ते १९०१ आणि १९१४ च्या दुरुस्त्यांत. समोरच्या त्या तपकिरी-हिरव्या फरश्या श्रॉपशरमधल्या जॅकफील्ड गावी, क्रेव्हन डनिल या कारखान्यात भाजलेल्या. आत दोन खोल्या. पुढे साधा बार, मागे 'स्मोक रूम', तिथे जरा बऱ्यापैकी गिऱ्हाईक बसे. जमिनीवर लाकडाचा भुसा. तो थुंकी, चिखल आणि सांडलेली बिअर शोषून घेई, सकाळी झाडला की काम झालं. बायकांना पुढच्या बारमध्ये सहसा प्रवेश नसे.

गल्लीचा अभिमान म्हणजे जिम ड्रिस्कॉल हा मुष्टियोद्धा. १८८० साली न्यूटाउनच्या एलन स्ट्रीटवर जन्मला. १९०९ साली न्यूयॉर्कला जाऊन त्याने जगज्जेत्या एब अटेलला दहा फेऱ्या खेळवलं. खेळ ड्रिस्कॉलचाच चांगला झाला असं पाहणाऱ्यांचं मत होतं, पण तिथल्या नियमाने निकाल दिला जात नसे. तिथे थांबून पुन्हा लढला असता तर किताब मिळण्याची संधी होती. पण कार्डिफच्या अनाथाश्रमासाठी खेळायचं त्याने कबूल केलं होतं. दिलेला शब्द मोडत नाही म्हणाला आणि बोटीत बसला. १९२५ साली तो क्षयाने वारला, तेव्हा अंत्ययात्रेला रस्त्याच्या दुतर्फा लाखभर माणसं उभी होती. सहा रस्त्यांच्या वस्तीतलं एक पोर!

मग १९६६ साल आलं. न्यूटाउनची घरं राहण्यालायक नाहीत असं नगरपालिकेने ठरवलं. चार वर्षांत सहाही रस्ते भुईसपाट झाले आणि माणसं शहरभरच्या नव्या वसाहतींत पांगली. नव्या घरांत नळ होते, स्नानघर होतं, बाग होती. नसायचा तो फक्त शेजार. वल्कन कडेला असल्यामुळे वाचलं. त्याच्याभोवती रस्ता रुंद झाला, गाड्या लावायच्या जागा झाल्या, जवळच तुरुंगाची भिंत होतीच. गल्ली गेल्यावरही गल्लीतला पब आणखी ४० वर्षं चालला. जुने गिऱ्हाईक म्हातारे होऊन कमी झाले, जागी विद्यार्थी आले.

शहराच्या मध्यभागी नवे मॉल उभे राहू लागले, तसं २००८ च्या सुमारास वल्कन पाडायचं घाटलं. लोकांनी मोहीम काढली. हजारो सह्या झाल्या, गायक आणि नट बाजूने उभे राहिले. वारसा-यादीत मात्र त्याला जागा मिळाली नाही. आत बरेच बदल झालेले, म्हणून ते नियमांत बसेना. तीन वर्षांची मुदत मिळाली. मे २०१२ मध्ये पब बंद पडला. मोहिमेमुळे लोक सह्या करायला आले, पण रोज संध्याकाळी प्यायला येणारी माणसं कुठून आणणार? धंदा परवडत नव्हता.

मालकांनी इमारत संग्रहालयाला देऊन टाकली. त्याच वर्षी विटा, फरश्या, खिडक्या, पुरुषांच्या मुतारीतली चिनी मातीची जुनी भांडीसुद्धा नोंद करून उतरवली. हो, तीसुद्धा. ती प्रसिद्ध होती म्हणे. पुढे जवळजवळ बारा वर्षं हे सारं शोधण्यात, जुळवण्यात आणि बांधण्यात गेली. मे २०२४ मध्ये वल्कन सेंट फेगन्सला पुन्हा उघडलं, १९१५ साली जसं होतं तसं. म्हणजे मी गेले तेव्हा त्याला नव्याने उघडून जेमतेम काही आठवडे झाले होते.

बाकावरच्या बाई

मी लेमोनेड घेऊन बसले होते त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक पांढऱ्या केसांच्या बाई येऊन बसल्या. बाळाकडे बघून हसल्या. मग विचारलं, "तुम्ही आत नाही गेलात?"

मी म्हटलं, "आमच्या गावी दारूबंदी आहे. सवय नाही."

त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "माझी आजी या दारापासून वीस पावलांवर राहायची. जन्मात आत गेली नाही. शुक्रवारी पगार व्हायचा, तेव्हा दाराबाहेर उभी राहायची. आजोबा बाहेर आले, की उरलेले पैसे मोजून घ्यायची."

मला काय बोलावं सुचेना. डोळ्यांसमोर आमच्या ओटल्याचा कोपरा होता.

बाईंचं लहानपण न्यूटाउनमध्ये गेलेलं. घर पाडलं तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. मी विचारलं, "पब इतका सुंदर जपला, बरं वाटत असेल."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "छान केलंय. फरश्या अगदी तशाच आहेत. पण आमची घरं कुणी मोजून उतरवली नाहीत. आमच्या रस्त्यावर कोणत्या दारात कोण राहायचं, हे सांगू शकणारी माणसं आता थोडी उरली आहेत. मी बहिणीला विचारून विचारून सगळ्या दारांची नावं वहीत लिहून ठेवली. तीन दारांवर आमचं अजून भांडण आहे."

जुन्या रहिवाशांनी मिळून वस्तीच्या जागी स्मरणार्थ एक छोटी बाग केली आहे, असंही त्यांनी सांगितलं. दरवर्षी भेटतात. दरवर्षी खुर्च्या कमी लागतात.

त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, आजीच्या वाटचं मी बघून येते." आणि त्या सरळ आत गेल्या, पुढच्या बारमध्ये. थोड्या वेळाने मीही गेले. शेकोटी होती, पायाखाली लाकडी फळ्या वाजत होत्या. माझा लेमोनेडचा ग्लास मी काउंटरवर ठेवला आणि दोन मिनिटं उभी राहिले. त्यात काय बिघडायचं होतं?

आमचा ओटला

ऑक्टोबरमध्ये बडोद्याला परत आले. दुसऱ्याच दिवशी दांडिया बाजारात गेले. वाड्याचं वर्णन तुम्हाला नको, आपल्यापैकी निम्म्यांनी असा वाडा सोडलेला आहे. चौक, माजघर, हिंचक्याच्या कड्या, आणि रस्त्याला लागून दगडी ओटला. बाबांच्या वेळी संध्याकाळी त्या ओटल्यावर आठ-दहा माणसं असायची. कारकून, शाळामास्तर, एक वैद्य, तबला शिकवणारे एक काका. चहा आतून जायचा. कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाची बढती, कुणाला रक्त हवंय, सगळं तिथेच ठरे. दारू नव्हती एवढंच, बाकी न्यूटाउनच्या माणसांना वल्कन जे होतं तेच आमच्या गल्लीला हा ओटला होता.

आणि हेही लिहायला हवं, की माझी आई त्या ओटल्यावर कधी बसली नाही. ५१ वर्षं तिने चहा केला आणि जाळीच्या खिडकीतून कप मोजले. ओटला मला फार प्रिय आहे. पण आईला विचारलं असतं तर तिने वाड्यातलं काय जपायला सांगितलं असतं, मला माहीत नाही. बहुतेक स्वयंपाकघराची मोरी तर नक्कीच नव्हे, तिच्यापायी तिची कंबर गेली.

मी सही केली. हे वाचून काही वाचक नाराज होतील. पण मागच्या भिंतीला झाडाची मुळं शिरली आहेत, जिना हलतो, आणि आम्हा चौघांपैकी कुणीही तिथे राहत नाही. माझी सही अडवून वाडा वाचला नसता, फक्त पडायला आणखी दहा वर्षं लागली असती. कार्डिफमध्ये हजारो सह्या होऊनही पब चालला नाही, तो रोजच्या गिऱ्हाइकाअभावी. आमचं तर गिऱ्हाईक आम्हीच होतो, आणि आम्हीच यायचे थांबलो होतो.

सही करण्याआधी भावाकडून दोन महिने मागून घेतले. तो कुरकुरला, पण ऐकलं. भाच्याने, तो आर्किटेक्टच्या कॉलेजात आहे, मित्रांना घेऊन अख्खा वाडा टेपने मोजला आणि कागदावर काढला. प्रत्येक खोलीचे, दाराच्या कड्यांचे, ओटल्याच्या झिजलेल्या दगडाचेसुद्धा फोटो काढले. आणि मी वही केली. आजोबांपासून आजवर वाड्यात राहिलेली १९ भाडेकरू बिऱ्हाडं, कोण कुठून आलं, काय काम करायचं, पुढे कुठे गेलं. काहींची मुलं इंदूरला, काहींची पुण्याला, एक घर थेट कॅनडात. फोन करकरून १६ बिऱ्हाडांची नावं मिळाली.

पगाराच्या दिवशी कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या त्या बाईंचं आडनाव वहीत आहे. पहिलं नाव कुणालाच आठवत नाही. आम्ही सगळे त्यांना 'खालच्या काकू'च म्हणत होतो. त्यांच्या मुलाचा शोध चालू आहे.

वाचकहो, दांडिया बाजार असो, रावपुरा असो, इंदूरचं राजवाड्यामागचं घर असो की ग्वाल्हेरच्या लष्करातली गल्ली असो. आपला वाडा सगळ्यांनाच ठेवता येणार नाही. पण एक रविवार काढा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा आणि एका टोकापासून दारं मोजायला लागा. कोणत्या दारात कोण राहायचं? भांडण होईल. होऊ द्या. फक्त बायकांची पहिली नावं विचारायला विसरू नका.